वसंतात परतणारे शिकारी पक्षी मोजायला जाताय? मग हे वाचून जा

शिकारी पक्ष्यांचं स्थलांतर म्हटलं की बहुतेकांना शरद ऋतूच आठवतो, आणि त्यात चूक काही नाही, कारण तेव्हा त्या वर्षी उडायला लागलेली पिल्लंही प्रवासात असतात त्यामुळे आकडे दणदणीत येतात. वसंतात परतणारे त्यामानाने कमी, हिवाळ्यात बरेच गळालेले असतात, आणि जे उरलेत ते घाईत असतात कारण जो आधी पोचतो त्याला घरट्याची चांगली जागा मिळते. म्हणून वसंतातल्या मोजणीला स्वयंसेवकही कमी येतात आणि नवीन माणसाला तिथे हात घालायला भरपूर वाव असतो. पहिल्यांदाच जाणार असाल तर काय लागतं, कसं मोजायचं, कुठे घोळ होतो ते इथे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पक्षी बघायला जाणं वेगळं आणि मोजायला जाणं वेगळं. बघायला गेलात तर पक्षी नसले की उठून दुसरीकडे जाता, मोजायला गेलात तर पक्षी असोत नसोत ठरलेल्या तासांना ठरलेल्या जागी बसायचं आणि एकही पक्षी गेला नाही तर फॉर्मवर शून्य लिहायचं. हा शून्य लिहायचा लोकांना फार कंटाळा येतो. पण शून्यच लिहिले नाहीत तर पुढे कोणी बघताना कळणारच नाही की त्या दिवशी पक्षी नव्हते की माणूस नव्हता, आणि मग यंदाचा आकडा मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवण्यात अर्थच राहत नाही.

जागा आणि दिवस

गरुड, बझर्ड, गिधाडं, घारी असे रुंद पंखांचे पक्षी पंख हलवत लांबचा प्रवास करत नाहीत, परवडतच नाही. ऊन पडून जमीन तापली की गरम हवा वर चढते, त्या थर्मलमध्ये गोल गोल फिरत उंची गाठायची, मग पंख स्थिर ठेवून पुढच्या थर्मलपर्यंत घसरत जायचं, असा सगळा कारभार. पाण्यावर असे थर्मल नीट तयार होत नाहीत त्यामुळे हे पक्षी समुद्र किंवा मोठं सरोवर शक्यतो टाळतात, कडेकडेने जातात किंवा जिथे पाणी सगळ्यात अरुंद असेल तिथून पार करतात. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी १४ किलोमीटर, सिसिली आणि इटलीच्या मधली मेसिनाची ३ किलोमीटरच्या आसपास, म्हणून पक्ष्यांची तिथे गर्दी. भोवत्या, ससाणे, ऑस्प्रे हे मात्र पंख मारत पाण्यावरून बिनधास्त जातात, त्यामुळे अरुंद जागेवर बसून त्यांचा आकडा कमी आला तर लगेच संख्या घटली असं समजू नका.

आता वसंतातली मेख अशी की शरदातली उत्तम जागा वसंतात चांगली असेलच असं नाही. उत्तर अमेरिकेतली मोठी सरोवरं बघा. वसंतात पक्षी उत्तरेकडे निघालेले असतात, समोर पाणी आलं की दक्षिण किनाऱ्याला अडतात आणि किनारा धरून सरकतात, म्हणून ऑन्टारियो सरोवराच्या दक्षिणेला डर्बी हिल आणि ब्रॅडक बे इथे वसंतात मजा असते. शरदात तेच पक्षी उलट बाजूने येऊन अडतात, सुपिरियर सरोवराच्या टोकाला डुलूथजवळ हॉक रिजवर तेव्हा गर्दी. तुमच्या भागात आधीपासून चालू असलेली जागा असेल तर सरळ तिथेच जा, नवीन जागा शोधायचा उत्साह पुढच्या वर्षासाठी ठेवा. शोधायचीच झाली तर नकाशावर उत्तर-दक्षिण जाणारी डोंगररांग किंवा पाण्याने अडवलेला कोपरा बघायचा आणि पक्षी ज्या दिशेने येणार ती बाजू मोकळी दिसतेय ना ते तपासायचं.

दिवस कोणते? प्रत्येक जातीचं वेळापत्रक वेगळं. इस्रायलमधलं ऐलात वसंतातल्या मोजणीसाठी प्रसिद्ध, तिथला क्रम बघितला की अंदाज येतो: फेब्रुवारी-मार्चमध्ये स्टेप ईगल, मार्च संपताना आणि एप्रिलच्या सुरुवातीला स्टेप बझर्डचे लोंढे, एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात लेव्हंट स्पॅरोहॉक, आणि मे उजाडला की हनी बझर्ड. म्हणजे एकच शनिवार-रविवार गाठून "वसंताची मोजणी" होत नसते, हंगाम दोन-अडीच महिने पसरलेला असतो आणि म्हणूनच पाळ्या लावायला माणसं लागतात. बहुतेक जातींत प्रौढ आधी येतात, अजून प्रौढ न झालेले नंतर रेंगाळत, त्यामुळे हंगामाच्या शेवटी कळकट, पिसं झडलेले, ओळखायला अवघड पक्षी जास्त येतात. नवशिक्यांनी शक्य असेल तर हंगामाच्या मध्यावर सुरुवात करावी.

हवामानाचं थोडक्यात. उत्तरेकडे जाणाऱ्या पक्ष्यांना पाठून दक्षिणेचा वारा, तापमान चढतंय, पश्चिमेकडून कमी दाबाचा पट्टा सरकत येतोय, असा दिवस उत्तर गोलार्धात बऱ्याच ठिकाणी भारी जातो. पावसापाण्यात काही दिवस अडकून पडले असतील तर उघडीप मिळाल्या मिळाल्या सगळे एकदम निघतात. बाजूचा वारा मात्र जागेनुसार खेळ करतो, जिब्राल्टरच्या खडकावर पश्चिमेचा वारा असला तर पक्षी तिकडे ढकलले जातात, पूर्वेचा सुटला की ते पश्चिमेला स्पेनमधल्या तारिफाच्या बाजूला, आणि खडकावर बसलेला माणूस जांभया देतो. त्यामुळे आपल्या जागेचा वारा कोणता हे तिथल्या जुन्या माणसाला विचारा, अॅपवरचा अंदाज बघून ते कळत नाही.

काय न्यायचं

दुर्बीण ८ बाय ४२ किंवा १० बाय ४२, यापेक्षा जास्त झूमची हातात स्थिर राहत नाही. स्कोप (ट्रायपॉडवर लावायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण) असला तर छान पण तो ओळख पटवायला, शोधायला नाही. क्लिकर (बटण दाबलं की आकडा एकाने पुढे सरकतो ते हातातलं यंत्र) एक तरी हवाच, दोन असतील तर सोन्याहून पिवळं. शिवाय होकायंत्र, थर्मामीटर, वारा मोजायचं छोटं यंत्र (नसेल तर झाडाची पानं-फांद्या बघून अंदाज लिहितात तेही चालतं), फॉर्म, पेन्सिल कारण पेन थंडीत आणि दमट हवेत दगा देतं, टोपी, गॉगल, पाणी, सनस्क्रीन. आणि मागे रेलता येईल अशी खुर्ची, ही चैन नाही बरं का, मान वर करून चार तास उभं राहून बघा म्हणजे कळेल. सकाळी डोंगरावर वारा बोचरा असतो आणि दुपारी डोकं तापतं, कपड्यांचे थर घालून जा.

आकाश चाळायचं कसं

नवीन माणूस दुर्बीण डोळ्याला लावून इकडून तिकडे भिरभिर फिरवतो आणि म्हणतो काहीच नाही. शेजारी बसलेला जुना माणूस त्याच आकाशात पाच ठिपके दाखवतो. फरक नजरेचा कमी आणि पद्धतीचा जास्त असतो.

आधी लांबच्या डोंगरावर किंवा ढगाच्या कडेवर फोकस पक्का करा. कोऱ्या निळ्या आकाशात डोळ्याला धरायला काही मिळत नाही, फोकस हलला तरी कळत नाही आणि पक्षी समोरून जाऊनसुद्धा दिसत नाही. मग दुर्बीण अशी धरा की चित्राच्या खालच्या कडेला डोंगरमाथा जेमतेम दिसेल. डावीकडून उजवीकडे सावकाश न्या, थांबत थांबत, टोकाला पोचलात की अर्धं चित्र वर सरका आणि उजवीकडून परत डावीकडे. असे तीन-चार पट्टे झाले की दुर्बीण खाली, नुसत्या डोळ्यांनी एकदा जवळचं आणि थेट डोक्यावरचं आकाश बघा. डोक्यावरचं सगळेच विसरतात, आणि दुपारी नेमके तिथूनच जातात. मधून मधून मागेही बघा, पुढून निसटलेला पक्षी पाठीमागे सापडतो.

पांढरे ढग असतील तर नशीब समजा, ढगावर काळा ठिपका लगेच उठून दिसतो आणि कापसासारखे ढग बहुतेक थर्मलच्या डोक्यावरच तयार झालेले असतात, त्यामुळे त्यांच्या खालच्या कडा नीट तपासा. स्वच्छ निळं आकाश फोटोला छान, मोजणाऱ्याला ताप. सकाळी ऊन चढेपर्यंत पक्षी खालून जातात, मधल्या वेळेत थर्मल जोरात असले की इतके उंच जातात की वाटतं सगळं थांबलं, आणि दुपार कलली की परत खाली येतात. मधल्या वेळेत "आता काही नाही" म्हणून डबे उघडतात लोक, पण हीच वेळ आडवं पडून दुर्बिणीने वरचं आकाश चाळायची आहे.

सूर्याजवळ दुर्बीण नेऊ नका, चुकूनसुद्धा नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो. त्या भागात बघायचंच असेल तर सूर्य एखाद्या खांबाआड किंवा झाडाआड जाईल असं बसून नुसत्या डोळ्यांनी बघा.

पक्षी दिसला की सांगायचा कसा, यावर निम्मी मोजणी अवलंबून असते. "अरे तिकडे, तिकडे बघ, गेला!" याचा कोणालाही उपयोग नाही. पहिल्याच दिवशी समोरच्या क्षितिजाचं चित्र कागदावर काढून डोंगरांना, टॉवरला, सुटं झाड असेल त्याला नाव किंवा नंबर द्या आणि सगळ्यांनी तीच नावं वापरा. उंची मुठीने सांगा. हात सरळ लांब केला की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते, करंगळीची १ अंश, आणि ८ बाय ४२ दुर्बिणीतलं चित्र ७-८ अंशांचं म्हणजे मुठीपेक्षा जरासं कमी. "तीन नंबरच्या खिंडीवर दोन मुठी, उजवीकडे चाललाय, ढगाच्या टोकाला लागेल आता" असं म्हटलं की चौघांच्याही दुर्बिणी एका जागी येतात.

मोजायचं

जागेवर एक काल्पनिक रेषा ठरलेली असते, सहसा पक्ष्यांच्या वाटेला आडवी, या टेकडीपासून त्या टॉवरपर्यंत अशी. पक्षी रेषा ओलांडून पुढच्या दिशेला गेला की मोजला. अलीकडे घिरट्या घालतोय तोवर नाही, कितीही जवळ असला तरी. मोजणारा माणूस एका वेळी एकच, बाकीचे शोधून सांगणारे. दोघांनी मोजून नंतर बेरीज करायची हा प्रकार करू नका, तोच पक्षी दोनदा येतो.

आता केटल, म्हणजे एकाच थर्मलमध्ये फिरणारा थवा. पन्नास, शंभर, कधी त्याहून जास्त पक्षी एकमेकांच्या वर-खाली गोल फिरताहेत, वरचे खाली येतात खालचे वर जातात, त्यात काही ढगात शिरतात. हे मोजायला जाऊच नका. थर्मलच्या माथ्याला पोचले की एकेक करून बाहेर पडतात आणि एका रांगेत पुढे घसरायला लागतात, मोजायचं ते तेव्हा. दुर्बीण रांगेच्या वाटेवर एका जागी रोखून ठेवा, पक्ष्यांमागे फिरवू नका, आणि चित्राच्या मध्यातून जो जो जाईल त्याला क्लिक. तुरळक असतील तर एकेक, दाटी झाली की पाच-पाच, लोंढा आला तर दहा-दहा. दहाचं माप डोळ्यात बसवायला पहिले दहा एकेक करून मोजा, दहा पक्षी रांगेची किती लांबी व्यापतात ते बघा, आणि तेवढी लांबी पुढे पुढे ठेवत जा. मोठ्या थव्यात माणसाचा अंदाज सहसा कमीच पडतो. घरी सराव करायचा असेल तर थव्याचा फोटो काढून आधी अंदाज लिहा, मग स्क्रीनवर एकेक ठिपका मोजा, आठवडाभर केलं तरी हात बसतो.

थव्यात दोन-तीन जाती मिसळलेल्या असतील तर जी जास्त आहे ती क्लिकरवर, बाकीच्या शेजाऱ्याने कागदावर रेघा ओढायच्या. थवा गेल्या गेल्या आकडा फॉर्मवर, पुढचा थवा आला की आधीचा डोक्यातून पुसला जातो.

उलट जाणाऱ्यांचं काय? वसंतात हे बरंच होतं, पाणी समोर आलं की पक्षी कच खाऊन मागे फिरतात आणि तासाभराने परत येतात. काही ठिकाणी उलट गेलेले वजा करतात, काही ठिकाणी वेगळ्या रकान्यात लिहितात. नियम जागेचा, आपण आपल्या मनाने काही ठरवायचं नाही. तसंच स्थानिक पक्ष्यांचं, वसंतात त्यांची जोड्या जमवायची वेळ असते, हवेत कोलांट्या मारणं, दुसऱ्याला हुसकावणं, पायात काटक्या किंवा भक्ष्य घेऊन जाणं, सारखं त्याच टेकडीमागे उतरणं, असं काही दिसलं तर तो प्रवासी नसण्याची शक्यता जास्त. प्रवासी पक्षी येतो, फिरतो, जातो, बाकी कशात त्याला रस नसतो.

ओळख

रंगाच्या नादी लागू नका. उंचावरचा पक्षी म्हणजे काळी आकृती, त्यात पंख कसे धरलेत, शेपटी किती लांब, डोकं किती पुढे आलंय आणि पंख कसे मारतोय एवढंच हाती असतं. भोवत्या पंख वर उचलून उथळ व्ही करतो आणि डुलत जातो. ऑस्प्रे घसरताना पंखांचा एम होतो. ससाण्याचे पंख टोकदार. स्पॅरोहॉक मंडळी चार-पाच झटपट फडफडी, मग घसर, परत फडफड. गरुडाचे पंख मोठ्या फळीसारखे आणि फडफड जड, सावकाश.

युरोपात आणि पश्चिम आशियात सगळ्यात जास्त डोकेफोड होते ती साध्या बझर्ड आणि हनी बझर्डमध्ये, नावात दोघं बझर्ड पण जवळचे नातेवाईक नाहीत. गोल फिरत असताना बझर्ड पंख किंचित वर उचलतो, हनी बझर्डचे पंख सपाट राहतात आणि घसरताना टोकं थोडी खाली झुकतात. हनी बझर्डचं डोकं बारीक, मान पुढे काढल्यासारखी, कबुतराची किंवा कोकिळेची आठवण येते. बझर्डचं डोकं खांद्यात बसलेलं. हनी बझर्डची शेपटी लांब आणि कोपरे गोलसर, बझर्ड शेपटीचा पंखा उघडून फिरतो आणि ती तोकडी वाटते. एक खूण पुरत नाही, वारा जोरात असला की दोघंही पंख मुडपतात आणि मग सगळे एकसारखे. तीन खुणा जुळल्या तर नाव लिहा.

नाही जुळल्या तर? "अनोळखी बझर्ड", "अनोळखी ससाणा", काहीच नाही कळलं तर "अनोळखी शिकारी पक्षी" असा रकाना फॉर्मवर असतोच, तो वापरायला लाजू नका. मला तर ज्याच्या फॉर्मवर अनोळखी एकही नाही त्या माणसाचा फॉर्म बघून शंका येते.

वय लिहिता येत असेल तर जरूर लिहा. पेन्सिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर रोझली एज यांनी १९३४ मध्ये शिकार थांबवून मोजणी सुरू करवली, ती मोजणी शरदातली पण मुद्दा इथेही तोच लागू. तिथल्या वर्षानुवर्षांच्या कागदांवर बाल्ड ईगलमधले तरुण पक्षी वेगळे लिहिलेले होते, आणि त्यांचं प्रमाण घटत गेलेलं स्पष्ट दिसत होतं, म्हणजे प्रौढ दिसताहेत पण पिल्लं होत नाहीयेत. डीडीटी या कीटकनाशकाविरुद्धच्या वादात लेखिका रेचल कार्सन यांनी हेच आकडे मांडले आणि १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली. नुसता "गरुड इतके" एवढाच आकडा असता तर त्यातून हे निघालं नसतं.

फॉर्म आणि बाकीचं

दर तासाला: जातवार आकडा, किती जण बघत होते, किती मिनिटं प्रत्यक्ष मोजणी झाली, तापमान, ढग किती टक्के, किती लांबचं दिसतंय, पाऊस-धुकं, वारा, पक्ष्यांची उंची (नुसत्या डोळ्यांनी सहज दिसतात, जेमतेम दिसतात, की दुर्बिणीशिवाय दिसतच नाहीत). एक कायमचा घोळ सांगून ठेवतो, वाऱ्याची दिशा लिहिताना तो जिथून येतो ती लिहायची आणि पक्ष्याची दिशा लिहिताना तो जिकडे जातो ती. आणि दुसरा खास वसंतातला: बऱ्याच देशांत या दिवसांत घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा फॉर्मवर जुनी प्रमाण वेळ चालते की बदललेली, हे आधीच विचारा, नाहीतर अर्धा हंगाम एका तासाने सरकलेला असतो.

विजा कडाडायला लागल्या की उतरायचं, डोंगरमाथ्यावर धातूचा ट्रायपॉड घेऊन उभं राहण्यात काही शौर्य नाही, फॉर्मवर वेळ टाकून बंद करा. बघायला येणाऱ्या लोकांशी बोलायला एक माणूस वेगळा ठेवा, मोजणाऱ्याला कोणी प्रश्न विचारला की दहा-बारा पक्षी गेलेच समजा. घरटी आणि रात्रीच्या मुक्कामाच्या जागा फोटोसोबत जाहीर टाकू नका. शिकारीचा प्रश्न काही ठिकाणी फार खरा आहे, मेसिनाला वसंतात हनी बझर्ड मारायची जुनी रीत होती आणि त्याविरुद्ध १९८० च्या दशकापासून उभ्या राहिलेल्या अॅना जॉर्दानो यांना पर्यावरणासाठीचा १९९८ चा गोल्डमन पुरस्कार मिळाला. तुम्हाला बंदुकीचे आवाज ऐकू आले तर वेळ आणि दिशा लिहा, समन्वयकाला आणि वन खात्याला किंवा पोलिसांना कळवा, स्वतः अंगावर जाऊ नका.

फॉर्म त्याच रात्री कॉम्प्युटरवर चढवा. त्यासाठी वेबसाइट आहेत, युरोपात ट्रेकटेलन, उत्तर अमेरिकेत हॉककाउंट, कुठेही चालेल असं ईबर्ड, तुमची जागा कुठे नोंदवते ते बघून. जो आकडा डोळ्यात खुपतोय तो तिथल्या तिथे तपासा, चार दिवसांनी ४० होते की ४०० हे कोणालाच आठवत नाही. आणि दुसऱ्या दिवशी ज्याची पाळी आहे त्याला एक मेसेज टाका: वारा कसा होता, पक्षी कुठल्या बाजूने सरकत होते, आणि उजव्या पंखातली दोन पिसं गळालेला तो बझर्ड दिवसातून सहा वेळा रेषेवरून जातो, तो इथलाच आहे, मोजू नकोस.